शाळेतून आणायला कोण येणार?

भीती वाटते, असं लहान मूल क्वचितच म्हणतं. पोट दुखतंय म्हणतं, पाय ठणकतायत म्हणतं, नाहीतर दोन वर्षांपूर्वी सुटलेली अंथरूण ओलं करायची सवय पुन्हा लागते. २०२५च्या जून-जुलैत शोळिंगनल्लूरच्या आमच्या संध्याकाळच्या वर्गात अशी पोटदुखी फार वाढली. आम्ही पिण्याचं पाणी तपासून घेतलं, मुलांना आरोग्य केंद्रात नेलं, जंताच्या गोळ्या दिल्या. मग एका आईनं सांगितलं की तिचा मुलगा रात्री चपला घालून झोपतो. काढू देत नाही. पळावं लागलं तर, म्हणतो.

शोळिंगनल्लूर हा चेन्नईच्या दक्षिणेचा आयटीचा पट्टा. मधून जुना महाबलीपुरम रस्ता जातो, त्याला इथे सगळे ओएमआर म्हणतात. पूर्वेला बकिंगहॅम कालवा आणि त्यापलीकडे समुद्र, पश्चिमेला पळ्ळिकरणैची दलदल. एल्कॉटच्या विशेष आर्थिक क्षेत्रात काचेच्या कचेऱ्या आणि त्यांच्या आसपास उंच निवासी इमारती. २०११ साली हे गाव चेन्नई महापालिकेत आलं. आता रस्त्यावर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याचं काम चालू आहे. हे सगळं उभं करणारी माणसं बंगालच्या मालदा, मुर्शिदाबाद, आसामच्या बारपेटा, ओडिशाच्या गंजाम, बिहारच्या अररिया अशा जिल्ह्यांतून येतात आणि बांधकामाच्या आडोशाला पत्र्याच्या खोल्यांत राहतात. बरेच जण बायकामुलांना घेऊन येतात. मुलं महापालिकेच्या शाळेत तमिळ माध्यमात बसतात, सकाळी सरकारी योजनेचा नाश्ता आणि दुपारी जेवण मिळतं म्हणून आनंदानं जातात, आणि वर्षभरात आईबापांना न येणारी भाषा घडाघडा बोलू लागतात.

मी मिरजेची. बालसमुपदेशन शिकले होते. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आले आणि या मुलांच्या वर्गात शिरले ती इथलीच झाले. माझ्याबरोबर पेरुम्बाक्कमची एक आक्का काम करते. पेरुम्बाक्कम इथून जवळच आहे. अड्यार आणि कूवम नद्यांच्या काठच्या झोपड्या हलवून, विशेषतः २०१५च्या पुरानंतर, सरकारनं हजारो कुटुंबांना तिथल्या इमारतींत आणून ठेवलं. आक्काचं घर तसंच गेलं. सामान ट्रकमध्ये भरून घ्यायला किती वेळ देतात हे तिनं पाहिलेलं आहे, त्यामुळे पत्र्याच्या खोलीतल्या बाईशी बोलताना तिला दुभाषी लागत नाही असं मला पुष्कळदा वाटतं, जरी दोघींची एकही भाषा सारखी नसली तरी.

मुलांची नावं मी इथे लिहिणार नाही. गावंही मोघम ठेवते, काही खुणा बदलते. का, ते पुढे कळेलच.

त्या उन्हाळ्यात काय झालं होतं? मे महिन्यात केंद्रीय गृहखात्यानं बेकायदा राहणाऱ्या बांगलादेशींच्या पडताळणीसाठी राज्यांना तीस दिवसांची मुदत दिली. दिल्ली, गुरुग्राम, ओडिशा, राजस्थान, गुजरात आणि आपल्या महाराष्ट्रातही बंगाली बोलणाऱ्या मजुरांची धरपकड सुरू झाली. मुंबईच्या बाजूला पकडलेले मुर्शिदाबादकडचे काही मजूर थेट सीमेपलीकडे ढकलले गेले. ते भारतीयच असल्याचं कळल्यावर जूनमध्ये त्यांना परत आणावं लागलं. आमच्या वस्तीत तेव्हा तसं काही घडलेलं नव्हतं. पण प्रत्येक बापाच्या हातात फोन होता, आणि बाप झोपल्यावर तो फोन मुलाच्या हातात. तारेच्या कुंपणापाशी बसवलेली माणसं, रडणाऱ्या बाया, बंगालीत ओरडणारा कुणी मामासारखा दिसणारा. हे सगळं मुलांनी पुन्हा पुन्हा पाहिलं होतं.

फोनवरून आलेली भीती किती वेगानं माणसं हलवते हे मी मार्च २०२३मध्ये पाहिलं होतं. तमिळनाडूत बिहारी मजुरांना मारतात, अशा खोट्या चित्रफिती तेव्हा फिरल्या. पोलिसांनी हिंदीत खुलासे केले, बिहार सरकारनं पथक पाठवून खात्री केली, तरी होळीच्या त्या दिवसांत लोक भरभरून गाड्यांनी गावी गेले. तेव्हा मूळ घटनाच खोटी होती, म्हणून मुलांना समजावणं सोपं गेलं. २०२५चं तसं नव्हतं. यावेळी मुलं जे पाहत होती ते खरं होतं, फक्त दुसऱ्या गावचं होतं. आणि मग एका रात्री आमच्या वस्तीतही कागद तपासायला माणसं आली. कुणाला नेलं नाही. पण टॉर्च मारून माणसं उठवली, बाप्यांना ओळीत उभं केलं, आणि अर्धवट झोपेतल्या पोरांनी ते पाहिलं.

चपला घालून झोपणारा मुलगा सात-आठ वर्षांचा. गोट्या खेळण्यात पटाईत, अक्षर मोत्यासारखं. त्याच्याशी दोन-तीन संध्याकाळी नुसती चित्रं काढली, गप्पा मारल्या. एकदा रंगवता रंगवता वर न बघता त्यानं विचारलं, "दीदी, हमको भी ले जाएगा, या सिर्फ अब्बू को?"

हा प्रश्न मला या सगळ्या कामाचा गाभा वाटतो. आपण हिंदुस्तानी आहोत की नाही, कागद खरे की खोटे, कायदा काय म्हणतो, हे त्यानं विचारलं नाही. सगळ्यांना एकत्र नेणार असतील तर त्याची त्याला फारशी चिंताही नव्हती. अब्बू, अम्मी आणि लहान बहीण एका गाडीत असतील तर गाडी कुठे जाते हा त्याच्या लेखी मोठ्यांचा प्रश्न. त्याला धास्ती होती ती एकट्यानं मागे राहण्याची. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम हॅम्पस्टेडमध्ये मुलांची निवासी पाळणाघरं चालवत होत्या. त्यांच्या नोंदी आजही वाचण्यासारख्या आहेत. आईजवळ असलेली मुलं बॉम्बवर्षावही बऱ्यापैकी निभावून नेत. सुरक्षित खेड्यात आईविना पाठवलेली मुलं जास्त खचत, असं त्यांना दिसलं. २०१८मध्ये अमेरिकेनं दक्षिण सीमेवर आईबापांपासून मुलं वेगळी काढली तेव्हा तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सनं, उघड विरोध केला तो याच कारणानं. ताण प्रत्येक मुलाच्या वाट्याला येतो. जवळ घेणारं माणूस असलं की शरीर पुन्हा थाऱ्यावर येतं. ते माणूसच नाहीसं झालं तर तोच ताण झोप, भूक, वाढ, शिकणं, सगळ्यालाच पोखरू लागतो.

आमच्या वर्गातली बारपेटाकडची एक मुलगी मला या संदर्भात नेहमी आठवते. आसामची नागरिक नोंदणीची यादी ३१ ऑगस्ट २०१९ला लागली, त्यातून १९ लाखांवर माणसं वगळली गेली. तिचे आईबाप यादीत आले आणि ती, तेव्हा अगदी लहान, यादीबाहेर राहिली. अशी कुटुंबं पुष्कळ होती. जानेवारी २०२०मध्ये भारताच्या महान्यायवाद्यांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की आईबाप यादीत असलेल्या मुलांना त्यांच्यापासून वेगळं करून स्थानबद्धता केंद्रात पाठवलं जाणार नाही. ती बातमी मी तिच्या बापाला हिंदीत समजावून सांगितली. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, हे तिला सांगा, तिला वाटतं तिचंच काहीतरी चुकलं. मुलं असंच करतात. घरावर आलेल्या संकटाचं कारण स्वतःत शोधतात: मी बसमध्ये जोरात बोललो म्हणून, मी शाळेत गावाचं नाव सांगितलं म्हणून. हे डोक्यातून काढायला फार वेळ लागतो, आणि त्यासाठी एकदा सांगून भागत नाही.

मोठी माणसं घाबरलेल्या मुलाला पहिलं वाक्य सांगतात ते म्हणजे, "काही होणार नाही." मायेनंच सांगतात. पण त्या मुलानं टॉर्चचा उजेड पाहिलेला असतो, बापाचा आवाज कापताना ऐकलेला असतो. त्याला कळतं की हे खरं नाही. मग त्याची भीती जात नाही. फक्त तो विचारायचं थांबतो. माझ्या मते हेच सगळ्यात मोठं नुकसान. वस्तीत मी आयांना एवढंच म्हणते की जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणा, पण जे ठरवलंय ते नक्की सांगा. "ते पुन्हा येतील का, मला ठाऊक नाही. आले आणि अब्बूला न्यावं लागलं, तर तुला शाळेतून आक्का आणेल. त्या रात्री तू खालाकडे झोपशील. गावी दादीला फोन मी करेन, मी नसले तर खाला करेल." हे वाक्य ऐकून मुलाचा चेहरा सैल पडतो, हे मी पाहिलेलं आहे. संकट तेवढंच राहतं, पण आता मोठ्यांनी त्याचा विचार केलाय हे मुलाला कळतं.

अर्थात, हे सांगायचं तर आधी ते ठरवायला हवं, आणि खरी अडचण तिथेच. बापे तयार होत नव्हते. असं बोललं की तसंच होतं, अशी समजूत. एक जण तर रागावून उठून गेला. मग आक्कानं युक्ती काढली. तिनं तपासणीचं नावच काढलं नाही. रविवारी, मटण शिजत असताना, तिनं त्यांना विचारलं, उद्या परांचीवरून पडलात तर पोराला शाळेतून कोण आणणार? बांधकामावरच्या माणसाला या प्रश्नाचं वावडं नाही. प्रत्येकानं कुणाला तरी पडताना पाहिलेलं असतं. त्यावर बोलणं सुरू झालं. अपघात, ताप, गावाकडचं मरण, कागदांची भानगड, कारण काही असो, मुलाची सोय एकच. प्रत्येक कुटुंबानं दोन माणसं नेमली: एक आपल्या गावचं आणि एक तमिळ बोलणारं, पक्का पत्ता असलेलं. दोघांची नावं तमिळमध्ये लिहून, आईबापाच्या सहीनं शाळेच्या मुख्याध्यापकांकडे दिली. नेमलेल्या माणसाचा फोन नंबर मुलांनी टाळ्यांच्या तालावर पाठ केला. दप्तरात चिठ्ठी ठेवली तर हरवते. तालावर शिकलेला आकडा विसरत नाही.

कागदांच्या बाबतीत मी थोडी हट्टी आहे. प्रत्येक घरात आता एक प्लास्टिकची पिशवी असते: आधार, मतदार ओळखपत्र, जन्मदाखले, जमिनीचा जुना दस्त, शाळेची पावती. ती कुठे आहे हे मुलाला माहीत असावं. पण ती सांभाळायची जबाबदारी मुलावर टाकू नये. एक मुलगी ती पिशवी फ्रॉकच्या आत बांधून शाळेत येत होती, कारण आईनं सांगितलं होतं की आग लागली तर हीच आधी घे. मुलगी नऊ वर्षांची. पाठीवर पुरळ उठलं होतं. छायाप्रतींचा एक संच आम्ही वर्गाच्या कपाटात ठेवला, कुलूप लावलं, तेव्हा तिनं पिशवी सोडली.

त्याच वयाच्या मुलींवर आणखी एक ओझं येतं. त्यांना तमिळ येतं, आईबापाला येत नाही. त्यामुळे दवाखान्यात, रेशन दुकानात आणि त्या रात्रीच्या तपासणीतही बाप आणि अधिकारी यांच्यामध्ये मुलगी उभी राहिली. बापाला ओरडून विचारलेला प्रश्न आपल्या तोंडानं बापाला विचारायचा, बापाचं घाबरं उत्तर आपण सांगायचं, आणि उत्तर अपुरं पडलं तर दोष आपल्या भाषांतराचा. त्या रात्री अशी मध्ये उभी राहिलेली एक मुलगी नंतर कित्येक दिवस वर्गात तमिळ बोलेना. आम्ही आता वस्तीजवळच्या तीन-चार तमिळ माणसांचे नंबर भिंतीवर लावले आहेत: एक चहावाला, एक निवृत्त शिक्षक, आक्का. मध्यरात्री उठवलं तरी येतील असं त्यांनी कबूल केलं आहे. मुलांना आम्ही स्पष्ट सांगितलंय की हे काम तुमचं नाही.

मग खेळाची गोष्ट. तपासणीनंतर मुलांचा चोर-पोलीस बदलला. त्याचं नाव पडलं चेकिंग. एक जण टॉर्च म्हणून काठी घेतो, बाकीचे ओळीत उभे राहतात, पानाचं आधार कार्ड दाखवतात. साहेब ते फाडतो. मग रडणं, मग गाडी. पुन्हा पहिल्यापासून. बघणाऱ्या आयांना ते सोसवेना, त्या खेळ मोडायच्या. मी त्यांना थांबवलं. मूल खेळतं तेव्हा झालेल्या गोष्टीवर आपला हात चालवून पाहत असतं. तो हात काढून घेऊ नये. पण एक लक्षात ठेवायला लागतं. खेळ रोज तस्साच, त्याच शब्दांत, त्याच शेवटाशी अडकला आणि खेळून झाल्यावर मूल आणखी कावरंबावरं दिसलं, तर त्याला मदत हवी आहे. तेव्हा मोठ्यानं खेळात शिरायचं, पण साहेबाला हरवायला नव्हे. आक्का एके दिवशी ओळीत जाऊन उभी राहिली आणि तमिळमध्ये म्हणाली, साहेब, मी यांची शेजारीण, मला सांगा काय पाहिजे. मुलं थबकली. दुसऱ्या दिवशी खेळात शेजारीण आली. मग शाळेची टीचर आली. मग फोनवर बोलणारा वकील आला, त्याला काय बोलायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तो नुसता "हॅलो, हॅलो, जज साहेब" म्हणायचा. गाडी तरीही येत होती. पण आता गाडीच्या वाटेत माणसं उभी होती.

सगळ्यात जास्त वाईट मला एका गोष्टीचं वाटतं. बसमध्ये आया मुलांच्या तोंडावर हात ठेवू लागल्या. बंगालीत बोलू नको. एका चार वर्षांच्या मुलीनं आईला पाणी मागताना तोडक्या हिंदीत मागितलं, तेव्हा तिची आई रडली. मराठी माणूस म्हणून मला यात दोन बाजू दिसतात. परगावी आपण मुलाला मुद्दाम मराठीत हाक मारतो, कुणी वळून पाहिलं तर बरंच वाटतं. आणि याच बायकांचे भाऊ-दीर आपल्या राज्यात केवळ बोलीवरून पकडले गेले. आम्ही वर्गात दर संध्याकाळी शेवटची पंधरा मिनिटं ज्याच्या त्याच्या भाषेतल्या गाण्यांना दिली. बंगाली, ओडिया, भोजपुरी, आणि मीही मिरजेला शिकलेलं एखादं. कुणावर सक्ती नाही.

या मुलांमधली काही खरोखर सीमेपलीकडची असतील का? असतीलही. मी विचारत नाही. परदेशी माणसाचे कागद तपासण्याचा सरकारला अधिकार आहे, आणि जानेवारी २०२५मध्ये याच राज्यात तिरुप्पूरकडे बांगलादेशी नागरिक सापडलेही. पण समुपदेशकाच्या खोलीत नागरिकत्वाचा प्रश्न आला की मूल बोलायचं थांबतं. आणि चपला घालून झोपणाऱ्या मुलाची झोप कोणत्या देशाची, यानं माझ्या कामात काही फरक पडत नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मला चौदाव्या मजल्यावरून बोलावणं आलं. ओएमआरवरचंच संकुल, मराठी कुटुंब. मुलगा न्यू जर्सीत नोकरीला. तो, बायको आणि दोन मुलं आजोबांच्या श्राद्धासाठी आली होती. सर्वपित्री अमावास्या २१ तारखेची. शुक्रवारी, १९ सप्टेंबरला, अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी तिथल्या नोकरीसाठीच्या एच-वन-बी व्हिसावर एक लाख डॉलरचं शुल्क लावायच्या घोषणेवर सही केली. शनिवारी सकाळी इकडे कंपनीची ईमेल आली: ताबडतोब परत या. दुपारच्या आत बाप विमानतळावर होता. तो विमानात असतानाच, हे शुल्क नव्या अर्जांनाच आहे, असा खुलासा झाला. श्राद्ध बापाविना झालं. सात वर्षांचा धाकटा तेव्हापासून बोलेनासा झाला, जेवेना.

आजी मला म्हणाल्या, "अहो, एवढं काय झालंय? बाबा पोचला की सुखरूप. मी त्याला सांगते, काही नाही रे, काही नाही." सून गप्प बसली होती. धाकटा दोन पासपोर्ट हातात घेऊन बसला होता, आपला अमेरिकेचा आणि आईचा भारताचा. दोन्ही निळे. "दोन्ही ब्लूच आहेत," तो मला म्हणाला, "मग बाबांना का नाही घेणार?" तिकडच्या शाळेत मुलं आइसच्या गाड्यांविषयी बोलायची. आइस म्हणजे परदेशी लोकांना पकडून परत पाठवणारं अमेरिकन खातं. शाळा, दवाखाने, प्रार्थनास्थळं इथे शक्यतो कारवाई करायची नाही हा जुना दंडक जानेवारी २०२५मध्ये काढून टाकल्यापासून मुलांच्या बोलण्यात ते जास्तच यायचं. व्हिसावरच्या बापाचा आणि आइसच्या गाडीचा संबंध काय, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या डोक्यात दोन्ही एकच झालं होतं. थोरली तेरा वर्षांची, पुण्यात जन्मलेली, म्हणून आईबापांच्या व्हिसावर. ग्रीन कार्डाची रांग भारतीयांसाठी इतकी लांब की एकविसाव्या वर्षी तिला स्वतःचा मार्ग शोधावा लागेल. तिला हे माहीत होतं. तिनं ते आईला कधी विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी फोनवर बापाला घेतलं आणि चौघांनी बोलायचं ठरलं. मी फक्त एक प्रश्न ठेवला: व्हिसा थांबला तर काय करायचं ठरलंय? नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं, पडद्यावरून का होईना. काहीच ठरलं नव्हतं. दोन दिवसांनी ठरलं, आणि त्यांनी ते मुलांना सांगितलं: राहायला मिळालं तर सगळे राहू, नाही मिळालं तर सगळे मिळून परत येऊ, पुण्याला, आजीलाही तिथेच आणू. कुणी एकटं मागे राहणार नाही. धाकट्यानं लगेच विचारलं, माझी सायकल? सायकल जहाजानं येते, बाप म्हणाला. त्या रात्री तो जेवला. थोरलीचं एवढ्यानं सुटण्यासारखं नव्हतं. तिच्याशी मी अजून बोलते, पंधरवड्यातून एकदा, तिच्या सकाळी आणि माझ्या संध्याकाळी.

चौदाव्या मजल्याकडे वकील आहे, कंपनी आहे, परत यायला पुणं आहे. पत्र्याच्या खोलीतल्या मुलाला "सगळे मिळून" असं वचन त्याचा बाप देऊ शकत नाही, कारण ते त्याच्या हातात नाही. हा फरक मी कमी लेखत नाही. म्हणूनच खालच्या मुलांसाठी शेजारपाजार उभा करावा लागतो. घराच्या आतून जी खात्री मिळत नाही ती बाहेरून थोडी तरी मिळावी म्हणून.

शेजारपाजार हे काम करू शकतो याला चेन्नईतच आधार आहे. आत्महत्या रोखण्यासाठी १९८६ साली इथे 'स्नेहा' ही संस्था सुरू करणाऱ्या डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी श्रीलंकन तमिळ निर्वासितांच्या छावण्यांत साध्या, प्रशिक्षित स्वयंसेवकांकडून काम करून घेतलं: खचलेल्या माणसाशी नियमित संपर्क ठेवायचा आणि संकटाच्या घडीला काय करायचं, कुणाकडे जायचं, हे आधीच त्याच्याबरोबर बसून लिहून ठेवायचं. १९८३पासून येत गेलेल्या त्या निर्वासितांची तिसरी पिढी आज छावण्यांत वाढते आहे. हजेरी, परवानगी, ओळखपत्र यांच्या सावलीत. तज्ज्ञ प्रत्येक छावणीत पोचणार नाहीत, हे मान्य करून केलेलं ते काम आहे. आक्का जे करते ते मला त्याच जातीचं वाटतं. मोठा आजार दिसला, मूल बोलणंच थांबलं, स्वतःला इजा करू लागलं, तर मात्र आम्ही डॉक्टर गाठतो. टेलि-मानसचा १४४१६ आणि मुलांसाठीचा १०९८ हे नंबर प्रत्येक खोलीच्या दारावर चिकटवले आहेत.

नोव्हेंबरमध्ये मतदार याद्यांची विशेष फेरतपासणी बंगाल आणि तमिळनाडूत एकाच वेळी सुरू झाली. २००२च्या यादीत बापाचं, आजोबांचं नाव शोधायचं, अर्ज भरायचा. वस्ती निम्मी रिकामी झाली. लोक रजा टाकून, मजुरी बुडवून गावी गेले. मुलांना मध्येच शाळा सोडावी लागली. जाण्याआधी आम्ही शाळेकडून प्रत्येकाचा नोंदणी क्रमांक लिहून घेतला, म्हणजे परतल्यावर पुन्हा बसता येईल. कागदाअभावी प्रवेश नाकारता येत नाही हे शिक्षण हक्क कायद्यात आहे, पण क्रमांक हातात असला की वाद होत नाही.

त्यानंतर काही दिवसांनी चपलावाल्या मुलानं विचारलं, ज्यांना पलीकडे टाकलं ते परत येतात का? खरं उत्तर देता येईल असा हा प्रश्न होता, म्हणून मला बरं वाटलं. बंगालमधल्या बीरभूमची दोन कुटुंबं दिल्लीत पकडून सीमेपार पाठवली होती. कलकत्ता उच्च न्यायालयानं २६ सप्टेंबरला त्यांना परत आणायचा आदेश दिला, आणि डिसेंबरमध्ये एक आई आपल्या मुलासह परत आली. मी त्याला ते सांगितलं. "और अब्बू?" त्यानं विचारलं. अब्बू तेव्हा पलीकडेच होता. तेही सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, कोर्टाला सांगणारं कोण होतं? मी म्हटलं, त्यांच्या घरचे लोक, वकील. त्यानं मान हलवली. चपला तो आता उशाशी ठेवतो, पायात घालत नाही.

मला जे बदलायला हवं आहे ते मुलांमध्ये नाही. तपासणी करायचीच तर दिवसा करावी, कामाच्या जागेच्या ऑफिसात, झोपलेल्या मुलांसमोर नको. सोबत एक बाई असावी. माणसाला नेलं तर कुठे नेलं हे घरच्यांना कळवायलाच हवं, डी. के. बसू खटल्यापासून सर्वोच्च न्यायालयाचा तो नियम आहे. मूल एकटं पडलं तर त्याला चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे न्यायला हवं, हे २०१५च्या बाल न्याय कायद्यात आहे. यातलं काही नवं मागत नाही. आम्ही हे सगळं एका कागदावर लिहून कंत्राटदाराच्या माणसाकडे आणि स्थानिक अधिकाऱ्यांकडे दिलं. दिवसा आणि ऑफिसात, एवढं कंत्राटदाराच्या माणसानं मान्य केलं आहे. तो स्वतः गंजामचा, दोन मुलींचा बाप. माणसाला कुठे नेलं याची लेखी चिठ्ठी घरच्यांच्या हातात द्यायची, यावर अजून होकार आलेला नाही. पुढच्या बैठकीला आक्का शाळेच्या मुख्याध्यापकांना घेऊन येणार आहे.